पाणगवत

पैठण,
ता. १३ फेब्रुवारी १९५७

...आणि तिसऱ्याच पावलाला माझा पाय पोटरीपर्यंत गाळात गेला.

आधी मायना लिहायला हवा होता. प्रिय कारभारी, नमस्कार. इकडे ठीक आहे. भागूवहिनींची ढास थांबली का? बाजारात तुमच्या गावचा बन्सी भेटला होता. म्हणाला, बिडकीनचे लोक तुला विचारतात, "काय कारभारी, आज विहिरीला किती पूर?" आणि तू हसून सोडतोस. हसतोस हे मला खरं वाटलं नाही.

आज मी नदीत उतरलो. पाच वर्षं तू रोज आत जाऊन मोजपट्टी वाचलीस. मी आठवड्यानं चौकीवर यायचो आणि काठावर बसून तुझे आकडे वहीत उतरवायचो.

आत पाणगवत आहे. लांब पात्यांचं, प्रवाहाच्या दिशेनं लोळलेलं. त्यात हात घातला तर पाणी जवळजवळ उभं. तिथं गाळ बसलाय, लोण्यासारखा. दोन झुबक्यांच्या मधे मात्र पाणी पाय ओढतं आणि तळाशी नुसती धुतलेली खडी. वेग मोजायला मी काठावर ठोकलेल्या दोन खुंट्यांमधून लाकडाचा तुकडा सोडला, हातात घड्याळ धरून. तीनदा. पट्टीवर चार फूट आहे. पाणी वाहतं मात्र एरवी पट्टीवर तीन फूट असताना वाहतं तेवढंच.

मागच्या माघात तू हेच सांगत होतास.

"साहेब, पाणी वाढलं नाय, तुंबलंय. खाली गवत लई माजलंय."

"गवत काय धरण बांधतं का रे?"

"उतरून बघा की. धोतर वाळतंय उन्हात."

मी उतरलो नाही. संध्याकाळी तू एक झुबका उपटून माझ्या टेबलावर ठेवलास. मुळांनी गाळ घट्ट धरला होता.

मग आषाढात चौकशी झाली. माघातल्या नोंदींत वरच्या चौकीवर पाणी घटलेलं, आपल्याकडं वाढलेलं. कुणीतरी खोटं लिहिलं होतं. पुरानं गवत वाहून नेलं होतं, दाखवायला काही उरलं नव्हतं. इथपर्यंत तुला ठाऊक आहे.

तुला बाहेर पाठवून चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही हे गवत पाहिलंत?"

मी म्हणालो, नाही.

तुकडा सोडून दर आठवड्याला वेग मोजणं माझं काम होतं. मी ते कधीच केलं नाही. तुझा आकडा जुन्या कोष्टकात घालून वाहतं पाणी काढायचो आणि मोकळा व्हायचो. गवत पाहिलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न वेगाचा होता. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. ती झाली. तुझी गेली.

तू खोटं लिहिलं नाहीस. मी लिहिलं.

आता डबा एकटाच खातो. वहिनींचा ठेचा आठवतो. हे लिहिण्याचा हक्क मला नाही, तरी लिहितो.

उद्या पहाटेच्या मोटारीनं औरंगाबादला जाऊन सगळं लेखी देणार. वाटेत बिडकीन लागेल. उतरायचं धैर्य नाही, म्हणून हे पत्र. चावडीवर मोठ्यानं वाचून दाखव. माझ्या नावासकट.

तुझ्याविषयी गप्प राहिलेला,
मुकुंद

औरंगाबाद, ता. १४. सकाळी अकरा. साहेबांनी अर्ज घेतला. मला कामावरून थांबवलं आहे. तुझी फेरचौकशी सोमवारी दहाला, इथंच. ये.