थिजलेलं सावज

प्रिय पिंकी,

नाशिकला थंडी पडली असेल. तुझा स्वेटर कपाटातच राहिलाय, आई रोज आठवण काढते. इकडे वाल पेरून झाले. मला कंपनीत सकाळची शिफ्ट लागलीय, म्हणून दुपारी निवांत लिहायला बसलोय. फोनवर खेळाचं नाव काढलं की तू "बाबा, तो विषय नको" म्हणून फोन ठेवतेस. पत्राला काही मध्येच गप्प करता येत नाही.

रोह्याच्या स्पर्धेत, त्या हॉलमध्ये, मी पहिल्यांदा तुझा मोबाइलवरचा खेळ मोठ्या पडद्यावर पाहिला. तू घरी खेळायचीस तेव्हा आईला वाटायचं, पोरगी नुसती बाजारात बाहुली फिरवत बसते. मला मात्र त्यातली गंमत कळायला लागली होती. भरलेला बाजार, सगळे सारखेच दिसणारे लोक. त्यातून तुला नेमून दिलेला एक जण हेरायचा, जवळ जाऊन मारायचा, आणि तुझ्या मागावर कोण आहे ते तुला ठाऊक नाही. घाई करील तो उघडा पडणार. तू आपली बाजारहाटाला आलेल्या बाईसारखी रमतगमत, भाजीच्या गाड्यापाशी रेंगाळत जायचीस. सावजाला पत्ताही लागायचा नाही.

त्या दिवशी शेवटी तिघंच उरलात. तुझं सावज रोह्याचा साईराज, त्याचं सावज डोलवीचा जितेश, आणि जितेश तुझ्या मागावर. जिंकेल तो पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. तू साईराजच्या बाहुलीपाशी अगदी हाताच्या अंतरावर पोचलीस आणि ती जागीच थिजली. समोर बसलेला तो पोरगा कावराबावरा होऊन मोबाइल हलवत होता. त्याचं नेट गेलं होतं. माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "आगो मार ना, उभी काय रायलीस!" पंचही म्हणाले, मारलंस तरी नियमात बसतं. तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "तो खेळतच नाय. येऊ दे त्याला." आणि उभी राहिलीस. तेवढ्यात मागून जितेश आला नि तू बाद. अख्खा हॉल हसला. मी शेजारच्याला, त्यानं विचारलं नसताना, सांगितलं, "ती माझी मुलगी हाय."

साईराजचं नेट आलं, त्यानं जितेशला टिपलं आणि जिंकला. परतीच्या गाडीत कासू स्टेशन आलं. तेव्हा तू म्हणालीस, "मूर्खपणा झाला, बाबा." मी नाही म्हटलं, पण तुला ते ऐकूच जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी खेळ मोबाइलवरून काढून टाकलास आणि नाशिकची गाडी पकडलीस. मी कंपनीत पेढे घेऊन गेलो. माझ्या शिफ्टमधला सखा म्हणाला, "कमळाकर, पोरगी हरली तुझी, पेढे कसले वाटतोस?" मी त्याला सगळा खेळ पहिल्यापासून सांगितला. त्यानं गुमान दुसरा पेढा उचलला.

आता मुद्द्याचं. रविवारी साईराज आणि त्याची आई इंदुबाई पेणला आपल्या घरी आली होती. तू त्याचे मेसेज उघडतही नाहीस म्हणे. पुण्याचा खेळ जोडीनं खेळायचा असतो आणि जोडीदार जिंकणाऱ्यानं निवडायचा. त्याला तूच हवी आहेस. इंदुबाई सांगत होत्या, "जितेशनं विचारलंन, ह्याच्या दोस्तांनी विचारलंन, पन ह्यो अडून बसलाय." मी तुझ्या वतीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते तुझं तू ठरव. मी फक्त पोराला विचारलं, हिच्यापेक्षा चांगले खेळणारे असतील की, हीच का? चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "काका, मागं ती असली तर मला वळून बघायला लागनार नाय." पोरी, हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं, म्हणून लिहायला बसलो.

तुझाच,
बाबा