दूधघराच्या वळणावरचा पिवळा झेंडा

मी, खाली सही करणारी गाएतान ब्रिझबोआ, कै. ओव्हिला ब्रिझबोआ यांची मुलगी, वय एक्याऐंशी, अविवाहित, राहणार साँ-लेओनिद, रेसच्या ट्रॅकच्या कुंपणाला लागून असलेलं हिरव्या छपराचं घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. गुडघा ठिकाणावर नाही, पण कायदा गुडघ्याची चौकशी करत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. १९९४ साली केलेलं माझं मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली म्हणजे मी लिहिली नव्हती.

कलम एक. मला आईवडिलांच्या शेजारी पुरावं. हिवाळ्यात गेले तर जमीन गोठलेली असेल, तेव्हा मे महिन्यापर्यंत दफनभूमीतल्या दगडी खोलीत इतरांबरोबर ठेवावं. घाई नाही. माझा भाऊ मार्सेलिन याच्या शेजारची जागाही रिकामी आहे आणि ती माझ्यासाठीच राखलेली आहे. तिथे मला पुरू नये. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम दोन. राहतं घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या बहिणीची मुलगी सोलांज पात्री हिला द्यावं. ती मॉन्ट्रियलला राहते आणि वर्षातून दोनदा येते. येते तेव्हा माझं वाटाण्याचं सूप खारट झालं म्हणते आणि दोन वाट्या पिते. घर विकलंस तरी मला राग नाही, पोरी. मात्र तळघरातल्या मेपलच्या पाकाच्या अकरा बाटल्या विकू नकोस, त्या वाटून टाक. बँकेतली शिल्लक डोंगरावरच्या स्कीच्या गस्तपथकाला द्यावी. त्यातून त्यांनी जखमींना उतरवायची एक नवी घसरगाडी घ्यावी आणि तिच्यावर माझं नाव घालू नये.

कलम तीन. माझ्या स्की, धार लावायच्या कानशी आणि गस्तीचं लाल जाकीट पथकाच्या खोलीत टांगावं किंवा जाळावं. मी त्या डोंगरावर एकतीस हिवाळे गस्त घातली. मोडलेले पाय, निखळलेले खांदे, एकदा तर बर्फावरच सुरू झालेलं बाळंतपण, सगळं मी खाली आणलं. आमचा नियम एकच होता. माणूस पडला की जो आधी पोहोचेल त्याने त्याच्यापाशी बसायचं, "मी आलेय, आता मी हलणार नाही," असं म्हणायचं आणि खरोखर हलायचं नाही. आजही कोणी घसरून पडलं की माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघतं. गेल्या वर्षी औषधाच्या दुकानात मी ते एका कुत्र्याला म्हणाले.

माझे मेणाचे कानातले बोळे, सहा जोड्या, न वापरलेले, समोरच्या चॅलेतल्या, म्हणजे सुट्टीच्या लाकडी बंगल्यातल्या, दंतवैद्यांना द्यावेत. त्यांनी जाहिरातीत "ट्रॅकचं दर्शन" वाचून ते घर विकत घेतलं आणि नंतर ट्रॅकचा आवाज येतो म्हणून कोर्टात गेले. त्यांच्यामुळे आता रविवारी इथे गाडी धावत नाही. खरं सांगायचं तर रविवार शांत गेला तर मला बरंच वाटतं, पण ते त्यांना कळू देऊ नये.

कलम चार. ट्रॅकच्या पाचव्या वळणाच्या बाहेरची पट्टी, तीस फूट रुंद आणि दोनशे फूट लांब, माझ्या नावावर आहे. तिची हकिकत सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येणार नाही.

१९६३ साली डोंगराचे मालक श्रीयुत लाफ्लेश यांच्या हॉटेलात चारशे खाटा होत्या आणि मे ते नोव्हेंबर त्यांवर फक्त माश्या झोपत. बर्फ नसताना लोकांनी इथे का यावं, याचं उत्तर म्हणून त्यांनी रेसचा ट्रॅक काढला. गावाने आपली बटाट्याची शेतं विकली. वडिलांनीही विकली, पण जिथे आमचं दूधघर उभं होतं ती पट्टी ठेवली. लाफ्लेश म्हणाले, "ओव्हिला, तीस फुटांत तू काय पिकवणार?" वडील म्हणाले, "शेजार." एवढ्यावर सौदा मिटला. गाड्या घसरल्या तर थांबाव्यात म्हणून त्या पट्टीवर खडी पसरायची परवानगी वडिलांनी तोंडी दिली, आणि ती आजवर तोंडीच आहे.

१९६४ च्या जुलैत ट्रॅक उघडला. पाद्रीबाबांनी सोळा गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. हिवाळ्यात डोंगरावर जे काम करायचे तेच उन्हाळ्यात खाली आले. स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांवरचे लोक तिकिटं फाडू लागले, स्की शिकवणारे सॉसेज भाजू लागले आणि आम्हा गस्तवाल्यांच्या हातात झेंडे दिले. शहरातून एक माणूस आला आणि त्याने अर्ध्या दिवसात आम्हाला शिकवलं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे अपघात आहे, हळू या. त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं की काहीही झालं तरी झेंडेवाल्याने जागा सोडायची नाही, पडलेल्याकडे दुसऱ्याने पळायचं. आम्ही माना डोलावल्या.

पाचव्या वळणाच्या अलीकडे रस्ता दरवर्षी थंडीने फुगायचा. जमीन गोठली की डांबर वर यायचं. नगरपालिकेचे लोक जूनमध्ये तो उंचवटा खरवडून सपाट करायचे आणि पुढच्या वसंतात तो तिथेच हजर. गावाने त्याचं नाव सासू ठेवलं. सासूच्या पलीकडचं काही दिसत नसे. म्हणून तर वळणावर झेंडेवाला लागायचा.

सत्तरनंतर मोठ्या रेस येईनाशा झाल्या. ऐंशीच्या सुमाराला डांबराच्या भेगांतून गवत आलं आणि गावातली पोरं तिथे गाडी शिकली. मग एका श्रीमंताने खोल पाया घालून सगळा रस्ता नव्याने केला, सासू कायमची गेली आणि भोवती चॅले उगवले. आता चॅलेवाल्यांना ट्रॅक बंद करायचा आहे आणि ट्रॅकवाल्यांना चालवायचा आहे. माझ्या पट्टीवरची खडी काढली तर रेसची परवानगी जाते, हे दोघांनाही माहीत आहे. त्यामुळे नाताळला मला दोन टोपल्या येतात. चीज चॅलेवाल्यांचं बरं असतं.

ही पट्टी मी गिलेन तिबोदो हिला देते. ती बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवते आणि आर्मां तिबोदो याची मुलगी आहे. तिने ती ट्रॅकला द्यावी, चॅलेवाल्यांना द्यावी किंवा बटाटे लावावेत. पट्टी आर्मांलाच द्यायची होती, पण मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही घेता येत नाही, असं नोटरींनी सांगितलं. मला आर्मां साक्षीदार म्हणून हवा आहे. साक्षच त्याची होती.

कलम पाच. २१ सप्टेंबर १९६९, रविवार. पानं लाल झाल्यावरची रेस, तिच्यात मार्सेलिनही गाडी चालवत होता आणि आर्मांही. पाचव्या वळणावर दोघांची नेमणूक होती. झेंडा माझ्याकडे, आग विझवायचा बंब डोना केनेलकडे. अकराव्या फेरीला डोना दूधघरामागे लघवीला गेला. त्याच फेरीला मार्सेलिनची गाडी सासूवरून उडाली, तिरकी पडली आणि उलटी होऊन रस्त्याच्या मधोमध थांबली.

मी झेंडा खाली टाकला आणि पळाले. मी विचार केला नाही. माणूस पडला होता, मी सगळ्यात जवळ होते. मी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले. तो पट्ट्यात उलटा लटकत होता, जिवंत होता, पूर्ण शुद्धीवर होता. मी म्हणाले, "मी आलेय, आता मी हलणार नाही."

तो म्हणाला, "गाएतान, झेंडा कुठंय?"

मी म्हणाले, "मी आहे ना इथं."

मग सासूच्या पलीकडून इंजिनाचा आवाज चढत आला. मी बाजूला उडी मारली. हलणार नाही म्हणाले आणि हलले. दोन्ही नियम मी एका मिनिटात मोडले. आर्मांची गाडी मार्सेलिनच्या गाडीवर आदळली. माझा भाऊ सव्वीस वर्षांचा होता. मला काही लागलं नाही. त्याच्याशेजारी मला पुरू नये ते यासाठी.

वडील प्रेक्षकांतून पळत आले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, "पोरी, झेंडा हलवला होतास ना?" मी हो म्हणाले. तेव्हा त्यांच्यासाठी म्हणाले असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते. आठ दिवसांनी चौकशी समितीपुढेही हो म्हणाले, तिथे वडील नव्हते. डोनाला लघवीची लाज वाटली, तोही म्हणाला की झेंडा हलत होता. तो वारला, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आर्मांने समितीला सांगितलं की त्याला झेंडा दिसला नाही. दोघांविरुद्ध एकाचं कोण ऐकणार? त्याचा परवाना कायमचा गेला. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. लग्न ठरलं होतं ते मोडलं, आठ वर्षांनी दुसऱ्या गावातल्या मुलीशी झालं. तो गाव सोडून गेला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने नगरपालिकेत बर्फ काढायची नोकरी धरली. छप्पन्न हिवाळे, आधी त्याने आणि आता गिलेनने, गावात सगळ्यात आधी माझं अंगण मोकळं केलं. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही. तो ट्रॅक्टरमधून खाली उतरला नाही.

एकदाच उतरला. १९९८ च्या बर्फवादळात वीज गेली होती आणि तो घरोघर लाकडं पोचवत होता. माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मी पुष्कळदा डोळे मिटून ती फेरी परत बघतो. झेंडा काही दिसत नाही. पण तू खोटं बोलणार नाहीस. तेव्हा माझ्याच डोळ्यांत काहीतरी कमी असणार." मग त्याने लाकडं रचली, पायऱ्यांवर मीठ टाकलं आणि गेला. त्या दिवशीही मी गप्प बसले. मला वाटलं होतं की ऐकून मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी चुलीत लाकूड घातलं.

म्हणून लिहून ठेवते, आणि हे विधान या मृत्युपत्राचाच भाग समजावा: झेंडा हलत नव्हता. झेंडा गवतात पडला होता. आर्मां तिबोदोच्या डोळ्यांत काहीही कमी नव्हतं.

कलम सहा. माझ्या पट्टीवर वडिलांनी उभा केलेला लाकडी क्रूस आहे. त्याच्या फळीवर मार्सेलिनचं नाव, तारीख आणि खाली "पिवळा झेंडा हलत होता" असं कोरलं आहे. वडिलांनी ते आर्मांने वाचावं म्हणून कोरलं. तो रस्ता साफ करायला त्यावरूनच जायचा. वडील गेल्यावर, १९८१ पासून, दर मे महिन्यात त्या अक्षरांना रंग मी दिला. फिकट झाली असती तर लोक विसरले असते. हे कोणी मला करायला लावलं नव्हतं.

मी मेल्यावर त्या फळीची खालची ओळ रंध्याने तासून काढावी. रंधा शेडमध्ये उजव्या हाताला आहे, पातं नवं आहे. मी यंदा दोनदा तो घेऊन तिथपर्यंत गेले आणि परत आले.

कलम सात. हे सगळं माझ्यामागे वाचलं जावं, असा माझा बेत होता. ऑगस्टमध्ये आर्मांला हृदयविकाराचा झटका आला. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. तो आधी गेला तर हा कागद कोणासाठी? म्हणून आज मी गिलेनला फोन करून त्याला घेऊन यायला सांगितलं. साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी त्याला तो ऐकवणार आहे.

दिनांक ६ नोव्हेंबर २०२५, साँ-लेओनिद. सही: गाएतान ब्रिझबोआ.

सहीखालची नोंद, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. आर्मां आला. पहिलं बर्फ पडलं होतं, त्याने बूट दारात झटकले. गिलेन ट्रॅक्टरमध्ये थांबली. पोस्टातल्या एर्मेलीन ग्राव्हेल पहिल्या साक्षीदार म्हणून बसल्या होत्या, त्यांच्यादेखत मी कलम एकपासून वाचलं. कुत्र्याच्या वाक्याला तो हसला. कलम पाचपासून त्याने टेबलावरची टोपी हातात घेतली आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

वाचून झालं. मग त्याने विचारलं, "रंधा कुठं म्हणालीस?"

"शेडमध्ये. उजव्या हाताला."

"तू मरेपर्यंत मी थांबणार नाही," तो म्हणाला आणि उठून गेला. तासाभराने परत आला. बाहीवर लाकडाचा भुसा होता. मी कॉफी पुढे केली, त्याने घेतली नाही. मी माफी मागितली. त्याने तीही घेतली नाही. कागद मागितला, चष्मा चढवला आणि सही केली. सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या, त्या त्याच्या आहेत, त्या खोडू नयेत. कलम सहा आता लागू नाही.

साक्षीदार पहिल्या: एर्मेलीन ग्राव्हेल, पोस्टमास्तर, साँ-लेओनिद.

साक्षीदार दुसरे:
सगळं ऐकलं. झेंडा नव्हता.
हेच मी २९ सप्टेंबर १९६९ रोजी सांगितलं होतं.
आर्मां तिबोदो, रेस ड्रायव्हर, साँ-लेओनिद.