कबुतरांचं कोणी विचारलं नाही

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२५

डॉक्टर दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. तू माझा फोन कट करतोस, म्हणून कागदावर लिहितेय. हा फाडलास तर दुसरा वहिनींच्या हातात देईन.

यांची तब्येत सुधारतेय. आता जिना चढताना मधे बसावं लागत नाही. तुला ऐकून बरं वाटेल की नाही, माहीत नाही. तुझा मेहुणा आहे म्हणून कळवलं.

परवा हळदीत तू चार माणसांत म्हणालास, "अंजनीने मोबाइलला विचारून नवऱ्याचा इलाज बदलला." सगळे हसले. मी ताट तसंच ठेवून निघाले. आता खरं काय झालं ते वाच.

सहा महिने तू यांना टीबीच्या गोळ्या दिल्यास. थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. तरी म्हणालास, "एक्स-रे मला वाचता येतो." यांचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. दुसरीकडे दाखवू का विचारलं, तर म्हणालास, "मग परत माझी पायरी चढू नकोस." मी यांना दुसरीकडे नेलं नाही. बेलवलीत तुझं नाव आहे, आणि तू माझा भाऊ.

मग तो एक्स-रे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर टाकला गेला. कोणी टाकला ते राहू दे. प्रोग्रॅमने काही जादू केली नाही. एवढंच सांगितलं, की हा टीबीसारखा दिसत नाही, छातीच्या डॉक्टरला दाखवा. मग तो पुण्याच्या छातीच्या एका डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांनी व्हिडिओवर यांना पहिलाच प्रश्न केला, "घरात पक्षी आहेत का?"

आमच्या गच्चीवरची कबुतरं तूही बघितलीस, दाणे टाकलेस. विचारलं मात्र कधी नाहीस. सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने यांची फुप्फुसं सुजली होती. तुझ्या गोळ्या बंद झाल्या, दुसरं औषध सुरू झालं. कबुतरं देऊन टाकली त्या दिवशी हे रिकाम्या खुराड्यापाशी बसून रडले.

चूक कोणाचीही होते. ती मी गिळली असती. पण एक्स-रे पाठवणाऱ्या पोरीला तू पेशंटसमोर म्हणालास, "बापापेक्षा मोठी डॉक्टर झालीस का?" आणि तिच्याकडून दवाखान्याची किल्ली काढून घेतलीस.

हो, नेत्रा माझ्याकडे आहे. पुढच्या शिक्षणासाठी हॉस्टेलवर गेली असं लोकांना सांगतोस ना, तिथे नाही. वहिनी रोज फोन करतात. स्वतःची मुलगी कुठे झोपते, काय खाते, हे तू एकदाही विचारलं नाहीस. ती माफी मागणार नाही. मी मागू देणार नाही.

आणखी एक. जांभूळ गावचा जयदेव, यांच्याबरोबर कबुतरं उडवणारा. त्याचीही थुंकी साफ आली, तोही तुझ्याच गोळ्या खातोय, आणि अजून खोकतोय. नेत्रा त्याच्या घरी जाऊन सांगून आली. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब स्वतः बोलले तरच दुसरीकडं जाईन."

त्याला बोलाव. त्याचा एक्स-रे पुण्याला पाठव, तुझ्या हाताने. रविवारपर्यंत झालं नाही, तर सोमवारी त्याच्या बायकोला, सखूला, घेऊन मी तुझ्या दवाखान्यात येईन. पेशंट बसलेले असतील तेव्हाच येईन, आणि यांचे सगळे रिपोर्ट तुझ्या टेबलावर मांडीन.

रविवारपर्यंत तुझी बहीण,
अंजनी