कडू लागला की परत पाण्यात

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. तुला पोचेपर्यंत पाहुणे जेवून गेले असतील, नाहीतर आडवे पडले असतील.

ज्या रानकंदावरून शाळेत पोरं आपल्याला "कंदखाऊ" चिडवायची, तोच आता या हॉटेलात मोठ्या लोकांना पाहिजे. दुष्काळात आई पाणी बदलून बदलून त्याचं विष काढायची आणि शेवटी तू चाखायचीस. कडू लागला की परत पाण्यात. इथं चाखणारी मीच. पण त्या तापानंतर माझी जीभ मेलीय गं, मीठसुद्धा कळत नाही. दुसऱ्या कुणाला चाख म्हणावं तर बिंग फुटेल, काम जाईल.

म्हणून वाडगाभर मीच खाल्ला आणि स्वयंपाकघराला आतून कडी घालून बसलेय. बाहेर मालक बोंबलतोय, "मावशी, झोपलात का? लोक ताटावर बसलेत!"

म्हटलं, "बसू दे की! ताट काय पळून जातंय?"

आता डोकं गरगरतंय. कंदानं की भीतीनं, तेच कळेना. तू असतीस तर शंका आली तिथंच सगळं पातेलं मोरीत ओतलं असतंस.

ओततेय.

तुझी धाकटी,
जिला तू तिखटजिभी म्हणायचीस