तीर्थाचा गडू आणि परतीचं तिकीट

१ मार्च १९७४, जळगाव
नेपाळ-काशी यात्रेची बस आली. सगळे उतरले. नाना उतरले, हातात तीर्थाचा गडू. आई नाही. मी गाडीत चढून मागच्या बाकापर्यंत पाहून आले. आई, म्हणजे आमची अक्का, काय बाकाखाली लपून बसणार होती! नाना एवढंच म्हणाले, "ती येई मागेतून." घरातही येईनात. जोडीनं गंगापूजन झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही म्हणे. मारुतीच्या देवळात पथारी टाकलीय.

२ मार्च
चहा नेऊन नेऊन थोडं थोडं काढून घेतलं. काठमांडूहून परतताना अक्काला हगवण लागली. सीमेच्या पलीकडे, वीरगंजच्या दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस हलवू नका. गाडीच्या नेपाळातल्या परवान्याचा तो शेवटचा दिवस. बसचा मॅनेजर म्हणाला, थांबणार नाही.

मग तुम्ही तरी थांबायचं, नाना! तर अक्काच म्हणाली, "दवाखानामा गडू बाटी. तुम्ही घर लई जा. मी येसू." दवाखान्यात बाटेल म्हणून तिनं घरी पाठवला, तो प्रयागला भरून, डाख देऊन तोंड बंद केलेला गडू. घरी पोचेपर्यंत कुठे टेकवायचा नाही. वीरगंज ते जळगाव नानांनी तो मांडीवर आणला. पाणी आलं. बाई राहिली.
राग कुणाचा करू तेच कळत नाही.

५ मार्च
दवाखान्याला तार केली होती. उत्तर नाही.
शेजारच्या सुमनबाई त्याच बसमध्ये होत्या. आज त्यांचं गंगापूजनाचं आमंत्रण. खापरावरच्या पुरणपोळ्या. "या हं नक्की. अक्कांची फार आठवण काढली सगळ्यांनी गाडीत." आठवण काढली! गाडी थांबवायची होती की. विचारलं, मॅनेजर थांबायला नाही म्हणाला हे वकिलांपुढे सांगाल? "बाई, आमचं पूजन होऊन जाऊ दे. मग बघू."
जेवायला गेले नाही.

७ मार्च, धुळे
शाळेत रजा टाकून पहिल्या एस.टी.नं आले. आधी बसमालकाकडे. पंखा, गादी, देवाचा मोठा फोटो. "ताई, सीमेपलीकडे आमची जबाबदारी नसते. आणि त्या आपण होऊन उतरल्या."
आपण होऊन! हगवणीनं गळालेलं माणूस, चौघांनी उचलून नेलं.

मग पाटील वकील. नानांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी विचारलं, जाण्यायेण्याचं भाडं घेतलं कुठे? धुळ्यात. मग करार इथला, दावा इथल्या कोर्टात लावता येईल. देश बदलला म्हणून उतारूला वाटेत टाकून यायची मोकळीक कुणाला मिळत नाही. आधी नोटीस देऊ, स्वखर्चानं आणून पोचवा म्हणून. ऐकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

निघताना म्हणाले, "एकच अडचण आहे. नवरा सोबत होता, तो बसमध्ये का चढला? मालक हेच पुढे करणार. मॅनेजरनं दम देऊन चढवलं, एवढं नानांनी सांगितलं की भागलं."

८ मार्च, जळगाव
तार नाही, पत्र नाही. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.
अक्काला हिंदी येत नाही. मराठीसुद्धा पाहुण्यांपुरती, बाकी सगळी अहिराणी. पाणी कसं मागत असेल? चौथीच्या मुलांना नदीचा धडा शिकवताना मध्येच थांबले. मुलं बघत राहिली. भीती वाटते. फार.

१० मार्च
नानांना धुळ्याला नेलं. एस.टी.तही गडू मांडीवर. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा बाबा. ठेवला नाही.
वकिलांनी विचारलं, "मॅनेजरनं दम दिला, म्हणून चढलात. बरोबर?"
नानांनी मांडीवरचा गडू सरळ केला. मग म्हणाले, "नही. त्यानं बस थांबाडी नही, हाई खरं शे. पन तिले मीच सोडी उनू."
वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "नाना, मीच सोडून आलो असं म्हणालात तर आपली बाजू पांगळी होते."
"होऊ द्या."
येताना मी खिडकीबाहेर बघत आले. इतका संताप, आणि रडूही.

११ मार्च
सकाळी नाना स्वतः दारात. पायात वहाणा, खांद्यावर पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. गडू माझ्या हातात दिला. "हाई धर. मी तिले लई येसू."
"तिला आणायला तुम्ही जाणार, आणि नोटीस?"
"तू दे नोटीस. बसवालाले सोडू नको."

गल्लीच्या टोकापर्यंत मोकळे हात कुठे ठेवावे ते त्यांना समजत नव्हतं. भुसावळला गाडी बदलणार, पुढचं विचारत विचारत.

नोटीस आजच रजिस्टरनं टाकायचीय. शाळेची वेळ होत आली. देव्हाऱ्यापुढे दोनदा जाऊन उभी राहिले. ठेववेना. मांडीवर गडू घेऊन लिहितेय.