थायमसमध्ये सगळे पास

१ डिसेंबर १९९३
जळगावला जिल्हा विज्ञान नाट्यस्पर्धा. आमचं नाटक: रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी शरीरात कशा तयार होतात. लेखक, दिग्दर्शक मीच. नंबर आला की मला हंगामीचा कायम करायचं, असं हेडसर म्हणाले. म्हणजे झालंच! आता फक्त नाटक बसवायचं बाकी.

२ डिसेंबर
पोरांना समजावलं. पेशी हाडांच्या मगजात जन्मतात, शिकायला छातीतल्या थायमसमध्ये येतात. तिथे दोन परीक्षा. आपल्या शरीराची खूण ओळखता येते का? आणि आपल्याच शरीरावर तुटून तर पडत नाही ना? नापास तो मेला. शंभरात दोन-चार वाचतात. आमच्या वीस पोरांत एकच जगणार. इतकं भेदक नाटक भडगाव तालुक्यात झालेलं नाही.

४ डिसेंबर
मरायला पोरं एका पायावर तयार. कौतिक तर मरता मरत नाही, लोळतच राहतो. पण त्याची आई भिकुबाई शाळेत आली. मना पोऱ्या काबर मरस, म्हणे. मी ठाम राहिलो. ती रडायला लागली. कौतिक जगला. शास्त्रात एवढं चालतं.

८ डिसेंबर, सकाळ
कौतिक जगला म्हणून बाकीच्या आया आल्या. आता मरणारा एकटा अभयकुमार. इथे मात्र माघार नाही म्हणजे नाही!

८ डिसेंबर, संध्याकाळ
अभयकुमारचे आजोबा दलिचंदशेठ भेटले. संस्थेचे संचालक. आमच्या घरात कोणी नापास होत नाही, म्हणाले. पडद्याचं कापडही त्यांच्याच दुकानातलं. अभयकुमार पास. याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

१८ डिसेंबर, जळगाव
शरीराची भूमिका मी केली. वीसही पेशी थायमसमधून बाहेर. बाहेर पडलेली पेशी थोडी कच्चीच असते, ती पुढे बाहेरच पिकते, हे माझं भाषण. दुसऱ्याच वाक्याला अभयकुमारने मला हाणलं. मग सगळ्यांनाच चेव आला. चष्मा गेला. परीक्षक डॉक्टरीणबाई खूश! निवड ढिली झाली की आपल्याच पेशी शरीरावर कशा उलटतात, हे इतकं जिवंत कधी पाहिलं नव्हतं, म्हणाल्या. पहिला नंबर. मला हेच तर दाखवायचं होतं.

२२ डिसेंबर
शेठजींनी बोलावलं. पेढा दिला. कायम मात्र करत नाहीत. ज्या मास्तरला नाटकातसुद्धा एक पोरगा नापास करता आला नाही, तो वार्षिक परीक्षेत काय करणार, म्हणाले. फार वाईट वाटलं. पण ठरवलं. आजपासून कडक व्हायचं, कोणाचंही ऐकायचं नाही. चालेल का, म्हणून शेठजींना विचारलं. उद्या सांगतो म्हणाले.