अंगावरची शिलाई

४ एप्रिल

आले बाई एकदाची घणसोली गावात! खोली एवढीशी, पण मोरी आतच आहे. लेक जागू पलंगावर उड्या मारतेय. घरमालकीण मालतीबाईंनी त्यांच्या वारलेल्या नणंदेचं मोटरवालं शिलाई मशीन दिलं. पडूनच हाय, चालव म्हणाल्या. वर नातवाच्या हळदीच्या पिवळ्या साड्याही फॉल लावायला दिल्या, घरच्या सगळ्या बायांना एकसारख्या. काम पसंत पडलं तर गावातलं शिवण माझ्याकडेच येईल. मग जागूला घेऊन परत भावाच्या दारात उभं राहायला नको.

६ एप्रिल

मोटर नुसती गुरगुरते. उघडली. आतले कार्बनचे ब्रश झिजलेले, नवे बसवले. आसाला गुंडाळलेला धागा चिमट्याने उपसला. तेल दिलं. रिकामी छान चालते, कापड घातलं की ठप्प! हाताने चाक फिरवत बसले तर हळद दिवाळीला लागेल. डोकं फिरलं माझं. जागूवर उगाच खेकसले.

८ एप्रिल

मेली मोटर! दिवसभर खोलली, जोडली, परत खोलली. संध्याकाळी वैतागून बसले तर माझाच पदर सुईखाली गेला आणि ही सुरू! पदर काढला, बंद. घातला, चालू. हिला अंगावरचंच कापड लागतं. अंगावर शिवू नये, तसं मढ्याचं शिवतात, असं आई म्हणायची. पण हळद चार दिवसांवर आलीये. पिवळी साडी पदराकडून अंगाला गुंडाळली आणि फॉलचं टोक सुईखाली सारलं.

१० एप्रिल

भराभर उरकल्या. जागू हसते, आई नवरी झाली म्हणते. पण आत्ताची साडी सुटेना. परकराला शिवली गेलीये. ओढली तर मांडीची कातडी वर आली— टाके तिथेही. कात्रीने कापलं. रक्त.

मालतीबाईंना मशीनचं विचारलं. सहज म्हणाल्या, नणंदेला शेवटची आंघोळ घालताना लुगडं सुटलंच नाही. तशीच सरणावर ठेवली.

११ एप्रिल

मोटर काढून डब्यात घातली. खड्ड्यात गेलं काम. भावाची बोलणी खाईन, पण—

डबा घेऊन बाहेर ओट्यावर बसलेय. एकच साडी राहिली, मालतीबाईंना सांगू कसं—

आत खोलीत मोटर वाजतेय. डबा माझ्या मांडीवर आहे. तरी—

जागू आतून ओरडतेय, आई, राहिलेली मी नेसले, मीच करते—

जागू, ऊठ तिथून, साडी सो—